मागील बाकी

वहीचे शेवटचे पान भरले म्हणजे हिशेबनीस तळाशी ‘बाकी पुढे’ असे लिहितो आणि नव्या वहीच्या पहिल्या ओळीवर ‘मागील बाकी’ लिहून तोच आकडा मांडतो. जुनी वही मग लाल फडक्यात बांधून माळ्यावर जाते व नव्या वहीवर दिवाळीत हळदकुंकू पडते. एका वहीतून दुसरीत नेमके काय गेले आणि काय मागे राहिले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. कारण वही माळ्यावर का होईना, आहे, अशी सर्वांची खातरी असते. वहीच्या जागी संगणक आला, आणि त्यातला एक प्रोग्रॅम काढून दुसरा घालण्याची वेळ आली, म्हणजे मात्र हा प्रश्न विचारल्यावाचून गत्यंतर राहत नाही. माळाच नाहीसा झालेला असतो.

आमचा या विषयाशी संबंध इतकाच की, नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील काही विविध कार्यकारी सेवा सोसायट्यांचे हिशेब जुन्या साधनांतून नव्या साधनांत नेण्याच्या कामी आम्हांस गेली काही वर्षे फिरावे लागले. २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्था संगणकावर आणण्याच्या योजनेस मंजुरी दिली आणि त्यासाठी २,५१६ कोटी रुपये ठरविले. भागाकार केला तर दर संस्थेच्या वाट्यास सुमारे चार लाख रुपये येतात. सर्व देशास एकच सॉफ्टवेअर, त्याची उभारणी नाबार्डकडे, आणि हिशेब गावच्या यंत्रात न राहता दूरच्या मध्यवर्ती यंत्रांत साठवावयाचे, अशी एकंदर मांडणी. योजना चांगली आहे, हे आमचे मत प्रथमच नमूद करून ठेवतो. पुढे जे लिहिणार आहोत ते वाचून कोणी आम्हांस नव्याचे वैरी समजू नये.

अशा कामास आरंभ झाला की गावोगावी पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कॉम्प्युटर किती मोठा लागेल?’ चेअरमन विचारतात, सचिव विचारतात, आणि आमच्या अनुभवाने विकणारा दुकानदार या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी देतो. वस्तुतः हा हिशेब कोणाही हिशेबनिसास करता येण्याजोगा आहे. सातशे सभासदांची सोसायटी घ्या. कर्जवाटप, वसुली, व्याज, भागाची रक्कम, सगळे धरून एका सभासदाच्या नावे वर्षात सरासरी दहा नोंदी पडतात असे माना. म्हणजे सात हजार नोंदी झाल्या. एक नोंद, तिची सूची व तिचा दुहेरी जमाखर्च धरून तीन किलोबाइट जागा घेते असे उदारपणे मानले तरी वर्षास एकवीस मेगाबाइट होतात. वीस वर्षांचे सव्वाचारशेच्या आत. आजच्या कोणत्याही फोनमध्ये लग्नाची जी चित्रफीत असते ती याहून मोठी भरेल. तात्पर्य, शेतकऱ्याच्या साऱ्या कर्जबाजारीपणास यंत्रात जागा फारच थोडी लागते.

जागा खातात ती चित्रे. जुन्या वह्यांची पाने स्कॅन करून ठेवावयाची ठरविली तर वाचता येईल अशा एका पानास सुमारे एक मेगाबाइट लागतो. पाच प्रकारच्या वह्या, वर्षास मिळून हजार पाने आणि चाळीस वर्षे धरली तर चाळीस हजार पाने, म्हणजे चाळीस गिगाबाइट. हेही आजच्या हार्ड डिस्कला काही ओझे नव्हे. ओझे आहे ते मनुष्याला. मिनिटास दोन पाने या वेगाने ती चाळीस हजार पाने यंत्राखालून काढावयास वीस हजार मिनिटे, म्हणजे रोज सहा तास काम केल्यास पंचावन्न दिवस लागतात; आणि ज्या गटसचिवाकडे तीन-तीन, चार-चार सोसायट्यांचा कारभार आहे त्याने हे पंचावन्न दिवस कोठून आणावेत? सामग्रीच्या अंदाजपत्रकात हा आकडा कोणीच घालीत नाही.

दुसरी गोष्ट विजेची. संगणक व त्याचा पडदा मिळून सव्वाशे वॅट धरावेत. दीडशे अँपिअर-तासांची बारा व्होल्टची बॅटरी कागदावर अठराशे वॅट-तास देते. त्यातले साठ टक्के वापरले तरी साडेआठ तास काम चालावे. हा झाला कागद. नांदेडच्या वैशाखात पत्र्याच्या खोलीत दोन उन्हाळे काढलेली बॅटरी आम्ही चार तासांच्या हिशेबाने धरतो, आणि लेझर प्रिंटर तिच्यावर चालवू देत नाही. कारण तो तापताना एकदम इतकी वीज ओढतो की इन्व्हर्टर मान टाकतो व अर्धी लिहिलेली नोंद अर्धीच राहते. एका गावी चांगले महागाचे यंत्र आणि त्यापुढे स्वस्तातला यूपीएस, असे जोडपे आम्ही पाहिले. बैलजोडीतला एक खिलार आणि एक वासरू असावे तसे. नांगर वासराच्या चालीने चालतो. म्हणून आमचा सल्ला असा असे की यंत्र मध्यम घ्यावे. उरलेला पैसा बॅटरी, धुळीपासून बचाव, दोन बाहेरच्या हार्ड डिस्का आणि दीड-दोन महिने स्कॅनचे काम करील अशा एखाद्या शिकलेल्या मुलाचा पगार, यांत घालावा. पहिल्या तिन्ही खर्चांस संचालक मंडळे मान डोलवीत. चौथ्याचे नाव निघाले की सभा चहाकडे वळे.

असो. यंत्राचा प्रश्न अखेर पैशाने सुटतो. जुन्या हिशेबाचा प्रश्न तसा सुटत नाही, आणि या लेखाचा खरा विषय तोच आहे.

नव्या प्रोग्रॅममध्ये काय न्यावे, याविषयी दोन पक्ष असतात. एक म्हणतो सर्व न्यावे. दुसरा म्हणतो, अमुक तारखेची बाकी तेवढी न्यावी, मागचे सोडून द्यावे. पहिला पक्ष भाबडा आहे; कारण जुन्या हिशेबातील जुन्या चुकाही त्याबरोबर येतात आणि नवा प्रोग्रॅम त्या पोटात घेण्यास नकार देतो. दुसरा पक्ष व्यवहारी दिसतो. मुखेडकडील एका गावी तेथील वयस्क सचिवांनी तो आमच्यापुढे थोडक्यात मांडला: ‘सर, कशाला ओढता ते मागचं लफडं? बाकी जमली म्हंजी झालं. बाकी जमती का न्हाई, एवढं बघा.’ लेखापरीक्षकाच्या दृष्टीने ते बरोबरच बोलत होते. व्यापाऱ्याच्या दृष्टीनेही बरोबर होते. वस्तू व सेवा कराच्या कायद्यात वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून बहात्तर महिने वह्या जपावयाच्या असतात, कंपनी कायद्यात आठ वर्षे. लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या नव्या मोंढ्यात हिशेब ठेवणारा मुनीम तेवढी वर्षे मोजतो आणि पुढे निर्धास्त होतो. परंतु शेतकऱ्याच्या कर्जखात्यास ही मुदत लागू पडत नाही, हे आपल्या प्रांताने गेल्या पंधरा-वीस वर्षांत वारंवार पाहिले आहे.

२००८ साली केंद्राची कर्जमाफी आली तेव्हा मार्च २००७ अखेरपर्यंत दिलेले आणि डिसेंबर २००७ अखेर थकलेले कर्ज, आणि सभासदाची जमीन किती, या गोष्टींवर माफीचा निर्णय होता. त्या कामाची तपासणी करून नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये जो अहवाल मांडला त्यात नोंदींतील खाडाखोडीचाही उल्लेख आहे. पुढे २०१७ मध्ये राज्याची योजना आली, तिने २००९ पासूनच्या कर्जांचा विचार केला, आणि नंतर ती मर्यादा २००१ पर्यंत मागे नेली. म्हणजे जो हिशेब बंद करून सोळा वर्षे झाली होती तो पुन्हा उघडावा लागला. डिसेंबर २०१९ च्या योजनेत एप्रिल २०१५ ते मार्च २०१९ या काळात घेतलेली कर्जे होती. आणि तिच्याच जोडीने, नियमाने फेडणाऱ्यांवर अन्याय नको म्हणून, त्यांना पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम देण्याचे ठरले. तिची प्रत्यक्ष कार्यवाही २०२२ मध्ये झाली. अट अशी की २०१७-१८, २०१८-१९ व २०१९-२० या तीन वर्षांपैकी दोन वर्षे कर्ज घेऊन ते वेळेवर फेडलेले असावे.

या अटीने ‘बाकी तेवढी पुढे’ या नियमाचे मर्म उघडे पाडले. ज्याने कर्ज फेडले त्याची बाकी शून्य. ज्याची बाकी शून्य त्याचे खाते नव्या प्रोग्रॅममध्ये नेण्याचे कारण नाही. म्हणजे थकबाकीदाराचे नाव बिनचूक पुढे जाते, आणि ज्याने पोटास चिमटा घेऊन मार्चअखेर पैसे भरले त्याचे नाव मागे राहते. कंधार तालुक्यातील एका गावी आम्ही हे प्रत्यक्ष पाहिले. तेथील सोसायटीने २०२१ मध्ये, केंद्राच्या योजनेपूर्वीच, एका खाजगी फर्मकडून आपला प्रोग्रॅम बदलून घेतला होता. फर्मच्या माणसाने एकतीस मार्चच्या बाक्या घेतल्या, त्यांची बेरीज ताळेबंदाशी पैशापर्यंत जमवून दाखविली, सर्वांच्या सह्या घेतल्या आणि जुना संगणक भंगारात गेला. दुसऱ्या वर्षी याद्या मागविल्या गेल्या तेव्हा एकट्या त्या गावात एकतीस सभासद असे निघाले की ज्यांनी फेड करून पुढे कर्जच घेतले नव्हते, आणि म्हणून नव्या यंत्राच्या लेखी ते कधी सभासद-कर्जदार नव्हतेच. त्यातले एक गृहस्थ, अडीच एकर कोरडवाहूचे धनी, सचिवांच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून शांतपणे म्हणाले, ‘भाऊ, मी बुडविलं असतं तर माझं नाव राह्यलं असतं का?’ सचिवांनी उत्तर दिले नाही. आमच्याजवळही ते नव्हते.

त्या एकतीस जणांना तारले ते एका सवयीने. आधीचे सचिव निवृत्त होण्यापूर्वी, यंत्रावर त्यांचा विश्वास नसल्यामुळे, दर मार्चला संपूर्ण कर्जखतावणी डॉट-मॅट्रिक्स प्रिंटरवर छापून, सुतळीने शिवून, खताच्या रिकाम्या गोणीत घालून ठेवीत. त्यांच्या या सवयीची गावात थट्टा होत असे. गोणी सापडली, तिच्या एका कोपऱ्यास वाळवीने तोंड लावले होते, परंतु पाने वाचता येत होती. त्या पानांवरून तारखा काढल्या, जिल्हा बँकेच्या शाखेतील नोंदींशी त्यांचा ताळा घातला आणि पुरवणी यादी गेली. पैसे येण्यास कित्येक महिने लागले. सर्वांचे आले असे आम्ही म्हणत नाही. दोघांची पाने वाळवीच्या बाजूस होती.

तेव्हापासून आमचा नियम ठरून गेला आहे आणि तो येथे सांगण्यास हरकत नाही. चालत्या प्रोग्रॅममध्ये बाकी न्यावी, आणि तिच्याबरोबर शून्य बाकीची खातीही त्यांच्या जन्मतारखेसह न्यावीत. त्यांस जागा लागत नाही, हे वर गणित करून दाखविलेच आहे. मागील सर्व वर्षांच्या नोंदी निराळ्या काढून अशा रूपात ठेवाव्यात की जुना प्रोग्रॅम नसतानाही त्या वाचता येतील: साध्या अक्षरांच्या तक्त्यात एक प्रत, पानांसारख्या दिसणाऱ्या पीडीएफमध्ये दुसरी, आणि कर्जखतावणीपुरती तरी तिसरी कागदावर. एक प्रत दुसऱ्या गावी असावी. नांदेडची लातुरास व लातूरची नांदेडास ठेवावी असे आम्ही सुचवितो. मध्ये सव्वाशे-दीडशे किलोमीटरांचे अंतर आहे, आणि गोदावरीचा पूर व मांजराकाठची आपत्ती एकाच दिवशी येण्याचा संभव कमी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भागातील दगडमातीची घरे ज्यांनी पडलेली पाहिली त्यांना एकाच खोलीत दोन प्रती ठेवण्यातला फोलपणा समजावून सांगावा लागत नाही. जुने यंत्र निदान एक मार्च उलटेपर्यंत मोडीत काढू नये. आणि ठेवलेली प्रत वर्षातून एकदा निराळ्या संगणकावर उघडून, कोणत्याही पाच सभासदांची खाती कागदाशी ताडून पाहावीत. लोणच्याची बरणी अधूनमधून उघडून पाहणाऱ्या गृहिणीस जे कळते ते अनेक बँकांच्या अधिकाऱ्यांस कळलेले नसते: नीट झाकून ठेवलेले नीट राहिलेच असेल, असे नाही.

उघडून पाहण्याचा आग्रह धरण्याचे आणखी एक कारण आहे. जुन्या फायली उघडतात, पण बोलत नाहीत, असे पुष्कळ वेळा होते. आपल्याकडील बऱ्याच सोसायट्यांचे व पतसंस्थांचे पहिले प्रोग्रॅम फॉक्सप्रोवर बांधलेले होते. त्याची पुढची आवृत्ती निघणे केव्हाच थांबले आणि २०१५ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने त्याची उरलीसुरली पाठराखणही सोडली. फाइल तरीही वाचता येते. आकडे स्वच्छ उमटतात. पण नावांच्या रकान्यात नामदेव, गंगाधर, भागीरथीबाई यांच्याऐवजी रोमन अक्षरे, उद्गारचिन्हे आणि चौकोन यांचा खच दिसतो. कारण असे की, युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी अक्षरे त्यांच्या अर्थाने न साठविता फॉन्टातील आकारांच्या क्रमांकाने साठविण्याची वहिवाट होती, आणि दर फॉन्टाचा क्रम निराळा. तो फॉन्ट गेला की नाव गेले. बाकी राहते, पण ती कोणाची, हे राहत नाही. अशा वेळी त्या विशिष्ट फॉन्टाचा कोठा शोधून अक्षरन् अक्षर पालटावे लागते, आणि ऱ्हस्व वेलांटीची जागा चुकली तर ‘शिवाजी’चे भलतेच काही होते.

हे सर्व पाहताना आमच्या मनात एक विचार येई की, मराठवाड्यास यात नवे काय आहे? आमच्या प्रांताचे हिशेब किती वेळा एका घरातून दुसऱ्या घरात गेले याची मोजदाद केली तर संगणक हा शेवटचा आणि कदाचित सर्वांत सौम्य फेरा ठरेल. हैदराबाद संस्थानात सहकारी पतपेढ्यांचा कायदा १३२३ फसलीत, म्हणजे १९१४ च्या सुमारास झाला. तेव्हाचा दरबारी व्यवहार उर्दूत, गावच्या सावकाराची वही मोडीत, वर्ष फसली, महिने आजूर, दै, बहमन या नावांचे आणि नाणे हाली. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान गेले, पुढे काही वर्षांनी हाली नाणे गेले, मोडी गेली, फसली गेली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १ एप्रिल १९५७ पासून आणे-पैही गेले. कोणा सभासदाचा दहा हाली रुपयांचा भाग असला तर त्याचे कलदार झाले आठ रुपये नऊ आणे आणि पावणेदोन पै. त्याचे नव्या नाण्यात झाले आठ रुपये सत्तावन्न पैसे, आणि उरलेल्या अंशाचे काय झाले ते कोणीच सांगू शकत नाही. त्या वेळच्या हिशेबनिसांनी हे सारे हाताने केले. त्यांना अंदाजपत्रक नव्हते, ताळा घालून देणारे यंत्र नव्हते. तरीही जेथे वह्या राहिल्या तेथे तो प्रवास आज मागे मागे शोधीत जाता येतो, आणि जेथे ‘बाकी पुढे’ लिहून वही टाकून दिली तेथे येत नाही.

वही राहिली म्हणून काय होते, याचे उत्तर २०२३ साली संपूर्ण प्रांतास मिळाले. न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील निजामकालीन नोंदींत ‘कुणबी’ असा उल्लेख शोधण्याचे काम तहसिलींतून सुरू झाले. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु त्या दिवसांत उर्दू व मोडी वाचणाऱ्यांचा जो शोध चालला तो आमच्या विषयाशी निगडित आहे. साठ-सत्तर वर्षे ज्या कागदांस कोणी विचारले नव्हते त्यांतील एका शब्दावर मुलाबाळांचे दाखले अवलंबून राहिले; कागद होते तेथेही ते वाचणारा माणूस हाताशी नव्हता. कोणती नोंद पुढे कोणास हवी होईल हे ती लिहिणाऱ्यास कधीच कळत नाही. म्हणून काय टाकावे याचा निर्णय करण्याचा अधिकार स्कॅनच्या खर्चास कंटाळलेल्या संचालक मंडळाकडे असावा काय, याविषयी आम्हांस शंका आहे. आमच्या मते पंचावन्न दिवस नसतील तर क्रम लावावा: आधी कर्जखतावणी आणि सभासदांची व भागांची नोंदवही, मग सभेच्या ठरावांची पुस्तके, आणि कीर्द सर्वांत शेवटी. कीर्दीतले बरेचसे खतावणीत येतेच. ठरावांच्या पुस्तकास पुष्कळजण क्षुल्लक मानतात. वस्तुतः कोणत्या दुष्काळात कोणाची मुदत वाढविली हे केवळ तेथेच सापडते.

उदगीरकडील एका सोसायटीत सध्या हे काम चालू आहे. यंत्र, बॅटरी, दोन डिस्का आल्या; चौथा खर्चही, आश्चर्य असे की, मंजूर झाला, आणि बारावी झालेली एक मुलगी रोज दुपारी पाने स्कॅन करते. लोखंडी कपाटाच्या तळाशी तिला एक उर्दूत लिहिलेली, शाई फिकट झालेली वही सापडली. वर फसली १३५६ आहे, म्हणजे १९४६-४७. नव्या प्रोग्रॅमच्या तारखेच्या रकान्यास ‘बहमन’ हा महिना ठाऊक नाही, म्हणून ती चित्ररूपानेच ठेवली जाईल. पण सूचीत नावे तरी यावीत असा सचिवांचा आग्रह पडला. गावातील एक निवृत्त उर्दू शिक्षक आठवड्यातून दोन संध्याकाळी येऊन बसतात, भिंग लावून एकेक नाव वाचतात, आणि ती मुलगी ते देवनागरीत टंकते. मध्येच ते थांबतात व कोपऱ्यात बसलेल्या कोणास तरी विचारतात, ‘हे तुमचे आजोबा का हो?’ मागील आठवड्यापर्यंत त्र्याऐंशी नावे झाली होती. राहिलेली पाने सोयाबीनची काढणी उरकल्यावर घ्यावयाची असे ठरले आहे, कारण त्या दिवसांत खोलीची किल्ली ज्याच्याकडे असते तो शेतात असतो.